सायक्लोन घरी करावा की विकत आणावा? आधी खालचं पिंप तपासा

सायक्लोन म्हणजे व्हॅक्युमच्या फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच भुसा वेगळा करून खालच्या पिंपात पाडणारा शंकू. तो लावायचा विषय निघाला की वाद शंकूवरून सुरू होतो. पत्र्याचा बरा की प्लॅस्टिकचा, घरी केलेला पुरेल की विकतचाच घ्यावा. माझ्या वर्कशॉपमध्ये आणि ओळखीच्या सुतारमंडळींकडे मी दोन्ही प्रकार अनेकदा बसवलेत. त्यावरून माझं ठाम मत झालंय: या दोहोंतला जेवढा फरक शंकूमुळे पडतो, त्याहून जास्त शंकूखालच्या पिंपामुळे आणि त्याच्या झाकणामुळे पडतो. दोन सायक्लोनची तुलना करताना पिंपाची हवाबंदी कुणी तपासली नसेल, तर त्या तुलनेला काडीची किंमत देऊ नका.

यंत्राचं तत्त्व वावटळीचं आहे. हवा गोल नळकांड्यात कडेने शिरते, भिंतीला लागून गरगर फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि शंकूवरून घरंगळत पिंपात पडतात. हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्युमकडे जाते.

आधी आपलं यंत्र ओळखा

वेट-ड्राय (ओला-सुका कचरा ओढणाऱ्या) व्हॅक्युमची ओढ जबरदस्त असते, पण तो हवा थोडी खेचतो. 100 मिमी पाइपाचा डस्ट कलेक्टर (मशीनचा भुसा ओढणारा मोठा पंखा) भरपूर हवा खेचतो, पण त्याची ओढ कमी असते. व्हॅक्युमसाठी असलेला छोटा प्लॅस्टिकचा शंकू डस्ट कलेक्टरला जोडला तर तो गुदमरतो. उलट, मोठा शंकू व्हॅक्युमला लावला तर आत वावटळच तयार होत नाही. पुढचं बहुतेक सगळं व्हॅक्युमबद्दल आहे, कारण छोट्या वर्कशॉपमध्ये तोच असतो.

शंकू

विकतचा असेल तर खोक्यातून काढा, झाकणावर बसवा. शंकूच्या कामात एवढंच.

घरी करायचा असेल तर आकार मनाने ठरवू नका. सायक्लोनवर संशोधन करणाऱ्या स्टेअरमंड यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेली मापं आजही चालतात. नळकांड्याचा व्यास 150 मिमी धरला तर हवा शिरायचं तोंड 75 मिमी उंच आणि 30 मिमी रुंद, वर जाणारी मधली नळी 75 मिमी व्यासाची, सरळ भाग 225 मिमी, त्याखाली शंकू 375 मिमी. मधली नळी आत उतरताना शिरायच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत आलीच पाहिजे, दोन बोटं आणखी खाली आली तरी चालेल. आखूड राहिली तर आलेला भुसा न फिरता थेट वर निघून जातो. शंकूचं खालचं तोंड या हिशेबाने 56 मिमी येतं. तिथे मात्र मी माप मोडतो आणि 65 ते 70 मिमी ठेवतो. ही मापं बारीक, कोरड्या भुकटीसाठी आहेत. रंध्याच्या लांब ढलप्या 56 मिमीच्या तोंडात अडकून बसतात.

पत्रा 26 गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घ्या. पत्र्याचं काम करणाऱ्याला कागदी साचा कापून द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर तो नरसाळं करून देतो. सगळ्या जोडांना आतून कथलाचा डाग द्यायला लावा आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, ते हात फिरवून पाहा, पण हातमोजा घालून. रस्त्यावरचा नारंगी ट्रॅफिक कोन उलटा करून सायक्लोन करण्याचा सल्ला सारखा दिला जातो. तो ऐकू नका. मऊ प्लॅस्टिक ओढीने आत चेपतं, चेपलं की वावटळ मोडते.

पिंप आणि झाकण: खरं काम इथे आहे

माझा पहिला पत्र्याचा सायक्लोन मी डिस्टेंपरच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीवर बसवला होता. सुरुवातीला छान चालला. मग व्हॅक्युमचा फिल्टर पुन्हा भरायला लागला, दर दोन-तीन दिवसांनी झटकावा लागे. मी शंकूला दोष दिला. मापं पुन्हा तपासली, मधली नळी लांब केली, आखूड केली, जोडांना पुन्हा डाग दिला. काही फरक पडेना. शेवटी वैतागून विकतचा शंकू आणला आणि त्याच बादलीवर बसवला. आठवडाभरात फिल्टर पुन्हा तसाच भरला. तेव्हा कुठे लक्ष खाली गेलं.

शंकूच्या खालच्या टोकाशी, वावटळीच्या गाभ्यात, दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. पिंपाला कुठेही फट असेल तर बाहेरची हवा त्या फटीतून आत येते आणि शंकूच्या तोंडातून वर धावते. खाली पडणाऱ्या भुशाच्या नेमकी विरुद्ध दिशेने. जाताना ती बारीक भुसा उचलून घेते आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो. पाइपाच्या जोडात फट असेल तर फक्त ओढ थोडी कमी होते. पिंपात फट असेल तर सायक्लोनचं कामच थांबतं. केसाएवढी फट पुरते.

माझी चूक फटी बुजवायच्या सिलिकॉनवर विश्वास ठेवण्याची होती. बादल्या, निळी पिंपं आणि त्यांची झाकणं पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना सिलिकॉन धड चिकटत नाही, एम-सीलही नाही. लावल्यावर घट्ट वाटतं. मग व्हॅक्युम सुरू-बंद होताना झाकण लवतं आणि तो थर एका कडेने सुटतो. वरून दिसतही नाही. म्हणून कुणी "सिलिकॉन मारा, झालं काम" असं सांगितलं तर ऐकू नका. इथे चिकटवून भागत नाही, दाबून बसवावं लागतं.

मी आता असं करतो. झाकणाच्या वर एक आणि खाली एक अशा 12 मिमी प्लायच्या दोन चकत्या कापतो. वरची चकती आणि झाकण यांच्यामध्ये 3 मिमी ईव्हीए फोम किंवा रबर शीट, शंकूची पट्टी आणि चकती यांच्यामध्ये दुसरी तशीच. मग 6 मिमीचे सहा बोल्ट, रुंद वॉशरसकट, आरपार. बोल्ट गाडीच्या चाकासारखे समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर रबर एका बाजूला चेपतं आणि दुसरीकडे फट राहते. प्लायच्या चकतीमुळे झाकण लवतही नाही.

पिंप जाड एचडीपीईचं (कडक पॉलिथिलीनचं), लोखंडी कडीने आवळायच्या झाकणाचं, 50 ते 60 लिटरचं घ्या. पुण्यात मला ते रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात मिळतं. आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचं असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. जुन्या पिंपाच्या झाकणातलं रबर बहुधा निघून गेलेलं असतं. तिथे दाराला लावतात ती पोकळ रबरपट्टी बसवा आणि तिची दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवा. सरळ कापून टोकाला टोक लावलं तर बरोबर तिथूनच हवा शिरते.

पातळ बादली टाळायचं आणखी एक कारण आहे. चांगल्या व्हॅक्युमचा पाइप पूर्ण तुंबला तर आतली ओढ सुमारे 20 किलोपास्कलपर्यंत जाते. 30 सेंमी व्यासाच्या झाकणावर तेव्हा जवळपास 140 किलोचा भार पडतो. माझी बादली एका दुपारी अशीच मोठा आवाज करून चपटी झाली.

फट शोधायला उदबत्तीचा धूर धरा असं सांगणारे भेटतात. भुशाच्या पिंपाजवळ निखारा आणू नका. सायकलच्या पंक्चरवाल्याची रीत वापरा. पिंप रिकामं करा, व्हॅक्युमची नळी हवा बाहेर फेकायच्या तोंडाला लावून सायक्लोनमध्ये हवा भरा, वरचं तोंड तळहाताने अर्धवट झाका आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की तिथे फट. झाकणाची पूर्ण कडा, प्रत्येक बोल्टचं डोकं, पिंपाचा तळ, काही सोडू नका. एकदा माझी फट पिंपाच्या बाजूच्या मुठीखाली, जुन्या रिव्हेटच्या भोकात निघाली होती.

आता तुलना

व्हॅक्युम, पाइप आणि पिंप तेच ठेवा, फक्त शंकू बदला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर व्हॅक्युमचा फिल्टर आणि पिशवी आधी तोला. टेबल सॉचा भुसा आणि सँडरची भुकटी वेगवेगळी मोजून घ्या, वेगवेगळी ओढा आणि दर वेळी फिल्टर पुन्हा तोला. पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नका. दमट भुसा शंकूच्या भिंतीला चिकटतो आणि आकडे फसवतात.

मला दिसलं ते असं. सॉचा भुसा आणि ढलप्या यांत हवाबंद पिंपावर दोन्ही शंकू बरोबरीचे ठरतात. फरक दिसतो तो सँडरच्या आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) भुकटीत. तिथे विकतचा साच्यातला शंकू पुढे राहतो, कारण आत एकही जोड नाही, एकही खरखरीत कडा नाही. घरचा पत्र्याचा शंकू दुसऱ्या एका बाबतीत सरस आहे. थंडीत हवा कोरडी असताना प्लॅस्टिकच्या सायक्लोनवर स्थिर वीज साठते आणि हात लावला की चटका बसतो. पत्र्याला एक तार बांधून अर्थिंग असलेल्या मशीनच्या अंगाला जोडली की तो प्रश्न मिटतो.

म्हणून व्हॅक्युम असेल तर शंकू विकत घ्या आणि पिंपाचं सगळं काम स्वतः करा. शंकूवर वाचवलेले पैसे फिल्टर झटकण्यात जातात. 100 मिमीचा डस्ट कलेक्टर असेल तर उलट. तिथे 300 मिमी व्यासाचा पत्र्याचा शंकू करून घ्या, मापं वरच्याच प्रमाणात दुप्पट. विकतचा त्या आकारात फार महाग पडतो. फक्त आधी छताची उंची मोजा. सायक्लोनच 1200 मिमीचा होतो, त्याखाली पिंप यायचंय. उंची नसेल तर फिल थीन यांच्या नावाने ओळखला जाणारा बॅफल करा: पिंपाच्या झाकणाखाली एक आडवी चकती, तिच्या कडेला 240 अंशांत सुमारे 28 मिमी रुंदीची खाच. ढलप्यांना तो उत्तम. एमडीएफच्या भुकटीसाठी मी तो वापरत नाही.

वापरताना

पिंप शंकूच्या तोंडापासून वीतभर रिकामं राहील तेव्हाच ओता. भुसा तोंडाला टेकला की त्यानंतरचा सगळा फिल्टरमध्ये जातो. भरलंय का ते बघायला पिंपाला काचेची खिडकी कापू नका, ती नवी फट होते. बाहेरून बोटांनी ठोकत वर या, आवाज बदलेल तिथपर्यंत भुसा आहे. झाकण परत लावताना रबरावर भुशाचा कणही राहता कामा नये, दर वेळी फडक्याने पुसा. ग्राइंडरच्या ठिणग्या या सायक्लोनमध्ये कधीही ओढू नका. लोखंडासाठी वेगळी बादली ठेवा.

आणि कुठलाही शंकू लावलात तरी अगदी बारीक भुकटी, जी डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसात खोल जाते, ती त्यात पुरती थांबत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या भुकटीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणलंय. व्हॅक्युमला हेपा फिल्टर बसवा, सँडर चालवताना एन-95 मास्क लावा आणि काम संपल्यावर खिडक्या उघड्या ठेवून काही वेळ खोलीबाहेर राहा. मास्क त्यानंतरच काढा.