ब्रूज एका दिवसात, तेही गाइडच्या बसने

ब्रूजची डे-ट्रिप घेताना बहुतेक जण किंमत बघतात आणि काय काय दाखवणार त्याची यादी बघतात. त्याआधी एक आकडा विचारायला हवा: बस ब्रूजच्या पार्किंगला टेकल्यापासून परत निघेपर्यंत किती तास मिळतात? हा आकडा पाचाच्या खाली असेल तर ती ट्रिप ब्रूजची नाही, हायवेची आहे.

बेल्जियममधल्या या कालव्यांच्या शहरात बडोद्यातली मराठी मंडळी दोन वाटांनी पोहोचतात. कुणाची मुलं नेदरलँड्स-बेल्जियमकडे नोकरीला असतात, तर कुणी पॅरिसची सहल स्वतः आखून त्यातला एक दिवस मोकळा ठेवतात. कुठून निघता यावर सगळं ठरतं. ब्रसेल्सहून ब्रूज साधारण १०० किलोमीटर, आपल्या बडोदा-अहमदाबादपेक्षा थोडं कमीच. बसला सव्वा ते दीड तास लागतो. ॲमस्टरडॅमहून अंतर २५० किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन तास. पॅरिसहून ३०० च्या आसपास, आणि वाटेतला थांबा धरून चार तास.

पॅरिसचा हिशेब मांडून बघा. सकाळी ७ ला निघालात, ११ ला पोहोचलात, परतीची बस ४ ला. हातात आले पाच तास. त्यातून गाइडबरोबरची फेरी दीड तास, जेवण पाऊण तास, पार्किंग ते चौक आणि परत मिळून पाऊण तास वजा करा. उरले दोन तास, आणि त्यातच बोटीची रांग. त्यामुळे प्रवासात पॅरिस आणि ब्रसेल्स दोन्ही असतील, तर ब्रूज ब्रसेल्सच्या मुक्कामात घ्यावं. ब्रसेल्सच्या ट्रिपमध्येही एक खोच असते: वाटेतलं गेंट त्याच दिवशी जोडून देतात. गेंट सुरेखच आहे, पण मग ब्रूजला जेमतेम तीन तास उरतात. दोन शहरं पळत बघण्यापेक्षा एकच नीट बघावं. फक्त ब्रूजची ट्रिप थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

बुक करताना आणखी तीन गोष्टी लेखी बघून घ्या. बोटीचं तिकीट किमतीत आहे की वेगळं? बहुतेकदा वेगळं असतं. गाइड ब्रूजमध्ये बरोबर चालणार आहे, की बसमध्येच माइकवर बोलून शहरात सोडून देणार? आणि संध्याकाळी जिथून बसलात तिथेच सोडणार की दुसरीकडे? आई-वडील बरोबर असतील तर रात्री अनोळखी चौकात उतरणं जड जातं.

महिन्याचाही विचार करा. बोटी साधारण मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेपाचच्या सुमारासच मावळतो आणि सकाळी साडेआठ-पावणेनऊपर्यंत उगवत नाही. ख्रिसमसच्या बाजाराची हौस असेल तर गोष्ट वेगळी. एरवी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर आणि आठवड्यातला मधला वार उत्तम. बुधवारी सकाळी मुख्य चौकात आठवडी बाजार भरतो, त्यामुळे चौकाचा मोकळा फोटो हवा असेल तर तो दिवस टाळा. रविवारी सकाळी मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारनंतर आत सोडतात.

निघण्याआधीची तयारी

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे एका दिवसाच्या ट्रिपवरून ठरत नाही. ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. विम्याचं संरक्षण निदान ३० हजार युरोचं हवं. लंडनहून ब्रूजची ट्रिप घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा या एका दिवसात खर्ची पडतो आणि पुढे पॅरिसला जायचं असेल तर अडकायला होतं. मूळ पासपोर्ट त्या दिवशी जवळ ठेवा. शेंगेन देशांच्या आपापसातल्या सीमेवरही अधूनमधून तपासणी होते आणि तिथे मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

खाण्याच्या पिशवीबद्दल बडोदेकरांना काही सांगायला नको, पण युरोपचे नियम वेगळे आहेत. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातही न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, तूप घरीच राहू द्या. फळांमध्ये केळं, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन सोडून बाकी सगळ्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हापूसची पेटी नाही आणि ताजा कढीपत्ताही नाही. भाकरवडी, खाखरे, चिवडा, कोरड्या पुऱ्या निर्धास्त न्या. थेपले ट्रिपच्या दिवसासाठी एकेका माणसाचे वेगळे बांधा. मोठा डबा बसमध्ये उघडला की वास सगळीकडे फिरतो. बऱ्याच बसमध्ये खायला मनाईच असते, पाणी तेवढं चालतं.

पायांची तयारी याहून महत्त्वाची. दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं, आणि तेही दगडी फरसबंदीवर. दगड गोलसर, मधल्या फटी खोल. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड टोचतो आणि टाचेची चप्पल फटीत अडकते. नवे बूट घेतलेत तर तीन आठवडे आधीपासून तेच घालून कमाटीबागेत रोज तासभर फिरा. गुडघ्यांचा त्रास असेल तर घडीची काठी न्या. चाकांची छोटी बॅग मात्र नको. दगडांवर ती ओढण्यापेक्षा उचलून नेणं सोपं वाटू लागतं.

भारतातून पोहोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी ही ट्रिप ठेवावी का? उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पहाटे ४ लाच जाग येते आणि सकाळची ७ ची बस अजिबात जड जात नाही. संध्याकाळी ५ नंतर डोळे मिटतात, पण तेव्हा परतीच्या बसमध्ये झोपायचंच असतं. त्यामुळे ही ट्रिप मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवलेली बरी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास सरकतात. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि मार्चमध्ये त्यावर विसंबलेल्यांची बस निघून जाते.

बसमध्ये

निघण्याच्या जागी २० मिनिटं आधी पोहोचा. एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या शहरांच्या बस सुटतात, म्हणून नुसत्या रंगावरून बस ओळखू नका. कंपनीचं नाव आणि ट्रिपचा क्रमांक विचारूनच चढा. पट्टा बांधणं सक्तीचं आहे. मागे शौचालय असलं तरी ते बऱ्याचदा बंद ठेवतात किंवा अगदी अडचणीपुरतं उघडतात. हायवेवरच्या थांब्यावर सगळ्यांनी उतरून घ्यावं. तिथे ५० सेंट ते १ युरो लागतो, म्हणून प्रत्येकाच्या खिशात तीन-चार नाणी सुटी असू द्या.

"दहा मिनिटं थांबा की, आमची मंडळी येतायत" हे इथल्या ड्रायव्हरला सांगून उपयोग नाही. त्यात त्याचा खडूसपणा नाही. युरोपियन युनियनच्या नियमाने सलग साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते, दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही (आठवड्यात दोनदा १० तास चालतात), आणि दोन दिवसांच्या मध्ये सहसा ११ तासांची सुट्टी हवीच. हे सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं. पॅरिसची लांब ट्रिप या मर्यादेच्या अगदी काठावर आखलेली असते. पार्किंगमध्ये गेलेली २० मिनिटं वाटेतल्या गर्दीत भरून निघत नाहीत.

उतरायच्या आधी तीन गोष्टी करा: बसच्या नंबरप्लेटचा फोटो, गाइडचा मोबाइल नंबर, आणि परतीची वेळ कागदावर. वेळ २४ तासांच्या पद्धतीने सांगतात. "१६.१५" म्हणजे सव्वाचार, सवय नसेल तर घाईत सव्वासहा ऐकू येतं.

शहरात: कोणत्या क्रमाने

बस शहराच्या आत जात नाही. दक्षिणेला कालव्याच्या काठी बसचा मोठा तळ आहे, तिथे उतरवतात. मध्ययुगात झ्विन नावाच्या खाडीमुळे ब्रूज समुद्राला जोडलेलं होतं आणि युरोपच्या मोठ्या व्यापारी शहरांत गणलं जाई. खाडी गाळाने भरत गेली, १५०० च्या सुमारास व्यापार अँटवर्पकडे वळला आणि शहर गरीब झालं. पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून त्या अरुंद गल्ल्या आजही तशाच आहेत आणि २००० साली जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आलं. ५० माणसांची बस त्या गल्ल्यांत वळणारच नाही.

तळावरून मिन्नेवॉटर तलावाच्या बागेतून रस्ता आत जातो. पुढे १२४५ सालचा बेगिनहोफ, म्हणजे धार्मिक वृत्तीच्या स्त्रियांची जुनी वसाहत, लागतो: झाडांचं अंगण आणि भोवती पांढरी घरं. आता तिथे ख्रिस्ती जोगिणी (नन) राहतात. आवाज करायचा नाही, ग्रुप फोटोसाठी ओरडायचं नाही. तळापासून मुख्य चौकापर्यंत न थांबता गेलं तर २० मिनिटं, थांबत गेलं तर पाऊण तास. या वाटेवरच्या दोन खुणा मनात ठेवा, कारण परतताना गाइड बरोबर नसतो.

गाइड सहसा कानात लावायचं यंत्र देतो. ते ३०-४० मीटरवर खरखरू लागतं. खरखर सुरू झाली की मागे पडलात असं समजा. ज्येष्ठांना गाइडच्या लगेच मागे ठेवा आणि तरुणांनी शेवटी चाला. घरी करतो त्याच्या बरोबर उलट.

फेरी संपली की लोक आधी जेवायला बसतात आणि इथेच दुपार हातची जाते. १ ते ३ मध्ये बोटीच्या रांगा सर्वात लांब असतात. पोटात थेपला ढकला आणि आधी धक्क्यावर जा. शहरात बोटीचे पाच धक्के आहेत, सगळ्यांचा मार्ग सारखाच आणि फेरी अर्ध्या तासाचीच. रोझनहूडकाईच्या फोटोच्या कोपऱ्याजवळचा धक्का भरलेला असेल तर दोन मिनिटं चालून दुसरा गाठा. बोट उघडी असते, बाकं खाली असतात आणि पूल इतके बुटके की उभं राहायचं नाही. पाऊस आला तर छत्री मागच्याच्या डोळ्यात जाते, म्हणून टोपीचा रेनकोट हवा. गुडघे वाकत नसतील त्यांनी चढण्याआधी पायऱ्या बघून घ्याव्यात. काठावरच्या बाकावर बसूनही कालवा छान दिसतो.

चौकातला घंटाघराचा मनोरा ८३ मीटर उंच आहे आणि ३६६ पायऱ्या चढून जावं लागतं. लिफ्ट नाही. वर जिना इतका चिंचोळा होतो की चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला एकमेकांसाठी भिंतीला चिकटावं लागतं. आत एका वेळी ठराविकच माणसं सोडतात, म्हणून वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या आणि गाइडची फेरी संपण्याच्या वेळेनंतर निदान अर्धा तास सोडून घ्या. पाच तासांच्या मुक्कामात बोट आणि मनोरा दोन्ही बसतात, पण मग बसून जेवण होत नाही. न चढणाऱ्यांनी चौकातच थांबावं. वरच्या ४७ घंटांचं वादन खालूनच चांगलं ऐकू येतं.

चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलॲंजेलोची माता आणि बालकाची संगमरवरी मूर्ती आहे. फ्रेंचांनी १७९४ मध्ये आणि जर्मनांनी १९४४ मध्ये ती पळवली होती, दोन्ही वेळा परत आली. ती बरीच लहान आहे आणि थोड्या अंतरावरूनच बघायला मिळते, त्या भागाला तिकीटही आहे. शिल्पाची आवड असेल तर नक्की जा. "आलोच आहोत तर" म्हणून जाणार असाल तर तो अर्धा तास कालव्याकाठी घालवा. घोडागाडी सरळ सोडून द्या, ती दाखवते तेच तुम्ही चालत बघितलेलं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी: बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. काही ठिकाणी आता तेल वापरतात, पण पाटीवर बटाटाच दिसतो. "व्हेजिटेबल ऑइल?" असं विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला. वॉफलमध्ये अंडं असतं. चॉकलेट घेताना मद्य भरलेले तुकडे वेगळे काढायला सांगा, दुकानदार आनंदाने निवडून देतात. खरेदी शेवटच्या तासात आणि परतीच्या वाटेवर. चार खोके हातात घेऊन ३६६ पायऱ्या होत नाहीत. उन्हाळ्यात चॉकलेट बसच्या पोटातल्या सामानात टाकू नका, आपल्या पायाशी ठेवा.

परतीला चौकातून पाऊण तास आधी निघा. चुकामूक झाली तर ठरलेली जागा चौकच ठेवा, मिन्नेवॉटरचा पूल नको, तिथे सगळे गट एकदम जमतात.

आणि बस गेलीच तर? आधी गाइडला फोन. मग रेल्वे स्टेशन गाठा. ते बसच्या तळापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पाट्यांवर शहराचं नाव "Brugge" असं डच वळणाने लिहिलेलं असतं. इथे फ्रेंचपेक्षा इंग्रजीत विचारा, लोक मोकळेपणाने मदत करतात. ब्रसेल्सला जाणाऱ्या गाड्या तासाला एकाहून जास्त असतात आणि तासाभरात पोहोचवतात. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला जायचं असेल तर ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनवर उतरून पुढची वेगवान गाडी घ्या. ऐन वेळी हे तिकीट चांगलंच महाग पडतं. म्हणून एका कार्डावर तेवढी रक्कम वेगळी ठेवा, आणि ते कार्ड ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून बाकीच्यांनी लांब जाऊ नये.