सिसलॉगचा धडा: लॉग प्रोटोकॉलची नवी आवृत्ती लिहिताना जुनी उपकरणं कशी सांभाळायची

लॉग प्रोटोकॉलची नवी आवृत्ती काढायची तर नव्या फॉरमॅटला हात घालण्याआधी जुनी उपकरणं नेटवर्कवर खरोखर काय पाठवतात ते गोळा करा. सिसलॉग, म्हणजे उपकरणांनी आपल्या नोंदी (लॉग) नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवायची पद्धत, १९८०च्या दशकापासून मानकाविनाच चालत होता. २००१च्या आरएफसी ३१६४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) फक्त दिसलेली वागणूक नोंदवली. खरं मानक, आरएफसी ५४२४, आलं २००९ मध्ये. नमुने पॅकेट कॅप्चरमधूनच, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा जसाच्या तसा टिपून, घ्या. लॉग फाइलीतल्या ओळीत सुरुवातीचा कोनी कंसातला आकडा बहुधा नसतोच.

मग आवृत्तीची खूण कुठे बसवायची ते ठरवा. मसुद्यातला सगळ्यात महागडा निर्णय हाच, कारण तो नंतर फिरवता येत नाही. जुना संदेश `<३४>` असा सुरू होतो: फॅसिलिटी (संदेश यंत्रणेच्या कुठल्या भागातून आला त्याचा क्रमांक) ४ गुणिले ८, अधिक तीव्रता २. पुढे लगेच महिन्याचं नाव, म्हणजे अक्षर. ५४२४ ने नेमक्या त्याच जागी `१` आणि स्पेस ठेवली. `>` नंतर काय येतं एवढ्यावर पार्सर (संदेशाचे भाग वेगळे करणारा प्रोग्राम) वाट निवडतो, वेगळं पोर्ट लागत नाही. `<३४>` जसाच्या तसा राहिला, त्यामुळे नवा फॉरमॅट न कळणारा सर्व्हरही त्यातून फॅसिलिटी आणि तीव्रता वाचू शकतो. मात्र नियमात नुसतं ‘अंक आला तर नवा’ असं लिहू नका. काही राउटर तिथे अनुक्रमांक आणि अपूर्णविराम घालतात. ‘आवृत्तीचा अंक, मग स्पेस, मग पूर्ण तारीख किंवा `-`’ अशी अट घाला. गोळा केलेले नमुने इथे कामाला येतात.

जुन्या तारखेत ना वर्ष, ना टाइमझोन. वर्ष कसं भरायचं ते मसुद्यातच सांगा, नाहीतर ३१ डिसेंबरचा संदेश १ जानेवारीला पोचतो आणि त्याला पुढचं वर्ष चिकटतं. तारीख भविष्यात बरीच पुढे जात असेल तर एक वर्ष मागे घ्या. एक अंकी दिवसाआधी शून्य नसतं, जास्तीची स्पेस असते. स्पेसवर ओळ तोडणारे पार्सर इथे हमखास आपटतात.

लांबीच्या मर्यादा बाइटमध्ये लिहा, अक्षरांत नको. ३१६४ ची मर्यादा १०२४ बाइट. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ३४१ चिन्हं. त्यात छाटणी चिन्हाच्या मधोमध झाली की ओळीच्या शेवटी कचरा उरतो. ५४२४ नुसार घेणाऱ्याला ४८० बाइट घ्यावेच लागतात आणि २०४८ घेता यावेत अशी अपेक्षा आहे. तेव्हा महत्त्वाचा मजकूर आधी ठेवा.

टीसीपीचा, म्हणजे बाइट एका सलग प्रवाहात पाठवणाऱ्या जोडणीचा, विचार वेगळा करा. तिथे संदेश कुठे संपतो हे सांगायच्या दोन पद्धती रूढ आहेत: आधी लांबीचा आकडा, किंवा शेवटी नवी ओळ. पहिलं चिन्ह अंक की `<`, यावरून घेणारा ओळखतो. नव्या मसुद्यात लांबीचीच पद्धत सक्तीची करा, कारण संदेशाच्या पोटात नवी ओळ आली की दुसरी पद्धत एकाचे दोन संदेश करते.