घटस्फोटानंतर मुलाला घेऊन दुसरीकडे राहायला जायचं असेल तर

बांधाबांध सुरू करण्याआधी ताब्याचा आदेश काढून शेवटच्या पानापर्यंत वाचा. ताबा कोणाकडे हे सगळ्यांना पाठ असतं. मूल कोणत्या हद्दीबाहेर न्यायचं नाही, परदेश प्रवासाला कोणाची संमती हवी, पासपोर्ट कोणी ठेवायचा, या अटी मात्र मागे कुठेतरी असतात आणि घोडं तिथेच अडतं. पूर्ण ताबा तुमच्याकडे असला तरी दुसऱ्या पालकाचा भेटीचा हक्क सहसा असतो, आणि स्थलांतराने धक्का बसतो तो त्यालाच.

नियम जागोजागी वेगळे आहेत. फ्लोरिडात साधारणपणे ५० मैल किंवा अधिक दूर, सलग ६० दिवस किंवा जास्त काळ राहायला जाणं म्हणजे स्थलांतर. इंग्लंडमध्ये कोर्टाच्या आदेशाने मूल ज्याच्याकडे राहतं, तो पालक त्याला महिन्याहून कमी काळ परदेशी नेऊ शकतो. पुढे लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते. भारतात १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार कोर्टाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय मूल कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवता येत नाही. किरकोळ अपवाद आहेत.

आधी संमती मागा, तीही लेखी. पत्रात जाण्याची तारीख, नवा पत्ता, शाळा, कारण, भेटींचं नवं वेळापत्रक आणि उत्तराची मुदत लिहा. फोनवरचा होकार धरू नका. भांडण झालं की तो फिरतो. लेखी संमती मिळाली तरी दोघांच्या सह्यांनिशी ती कोर्टात दाखल करून आदेशात उतरवून घ्या. नकार आला तर जाण्याआधी अर्ज करा. निकालाला महिने लागू शकतात, तोवर राजीनामा देऊ नका, घर सोडू नका. आधी जाऊन मग परवानगी मागणाऱ्याची बाजू पहिल्याच तारखेला लंगडी पडते.

अर्जात लोक नोकरी आणि पगारावर पानं भरतात. आमच्या मते खरा जोर भेटींच्या आराखड्यावर हवा. समजा, आज दर दुसऱ्या आठवड्याला दोन दिवस भेट होते, म्हणजे वर्षाला ५२ दिवस. अंतरामुळे ते जमणार नसेल तर मोठ्या सुट्टीत २८, छोट्या सुट्टीत १० आणि दर तीन महिन्यांनी चार, असे ५४ दिवस भरून दाखवा. तिकिटाचा खर्च कोणाचा, मुलाला सोडायला कोण येणार, हुकलेली भेट कधी भरून काढायची, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी आणि कोणाच्या घड्याळाप्रमाणे, हेही लिहा. ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम लिहिलंत तर पुढचा वाद तिथूनच उगवतो.

मुलाला पढवू नका. न्यायाधीश मुलाशी एकट्याने बोलले की मोठ्यांची वाक्यं लगेच ओळखू येतात.

मारहाण किंवा धमक्यांमुळे निघत असाल तर वरचा पत्रव्यवहार आधी करू नका. वकिलामार्फत संरक्षण आदेश मिळवा आणि नवा पत्ता गोपनीय ठेवण्याची मागणी करा.

देश बदलत असेल तर १९८० चा हेग करार लक्षात ठेवा. सदस्य देशांमध्ये १६ वर्षांखालील मूल दुसऱ्याचा ताब्याचा हक्क डावलून नेलं, तर ते ज्या देशात राहत होतं तिथे परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. वर्षाच्या आत अर्ज झाला तर अपवाद फार थोडे. सुट्टीला नेऊन परत न आणणं यातच मोडतं. भारत या कराराचा सदस्य नाही; पण म्हणून भारतात आणलेलं मूल वादाबाहेर राहत नाही. दुसरा पालक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका, दाखल करू शकतो आणि मुलाचं हित पाहून परत पाठवण्याचा आदेशही होऊ शकतो.

परवानगी मिळाल्यावर, निघण्याआधी, नव्या देशातल्या कोर्टातही तसाच आदेश घेता येतो का ते तिथल्या वकिलाला विचारा. तो नसेल तर भेटीसाठी पाठवलेलं मूल परत आणताना किंवा ठरलेली भेट मिळवताना सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आदेशाच्या प्रमाणित प्रती किमान तीन काढा: एक शाळेसाठी, एक पासपोर्टच्या कामासाठी आणि एक प्रवासात हातातल्या बॅगेत.