पातळ थरांचा साठा आणि इमेज लॉग: या चुका टाळा

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, खोल समुद्राखाली, वायू साठवणाऱ्या वाळूचे आणि शेलचे (चिकणमातीच्या खडकाचे) थर कित्येकदा काही सेंटीमीटरचेच असतात. विहिरीत उपकरण सोडून खडकाचा विद्युत रोध नोंदवणारा नेहमीचा इंडक्शन लॉग मात्र काही फुटांची सरासरी सांगतो. अर्धी वायूभरली वाळू २० ओम-मीटरची आणि अर्धं शेल १ ओम-मीटरचं धरा. थरांना समांतर जाणारा प्रवाह शेलमधूनच पळतो आणि लॉगवर जेमतेम १.९ ओम-मीटर उमटतं. रोध कमी म्हणजे ‘इथे पाणीच आहे’ म्हणत थर सोडून देणं ही सगळ्यात महागडी चूक. तोच रोध थरांना काटकोनात मोजला तर १०.५ येतो. म्हणून इमेज लॉगसोबत (विहिरीच्या भिंतीचं रोधावरून बनवलेलं चित्र) दोन्ही दिशांचा रोध देणारा त्रिअक्षीय इंडक्शन लॉगही मागवाच.

इमेज लॉगच्या पॅडवरची बटणं साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं बारीक दाखवतात. पण चित्र देखणं असलं की माणूस त्यावर जास्तच विसंबतो. डायनॅमिक इमेजमध्ये छोट्या छोट्या टप्प्यांत रंग नव्याने ताणलेले असतात, त्यामुळे निव्वळ शेलमध्येही वाळूसारखे पिवळे पट्टे उठतात. त्यावरून वाळू मोजू नका. ती इमेज डिप (थरांचा कल) काढायला ठेवा. वाळूचं प्रमाण सगळीकडे एकच रंगपट्टी असलेल्या स्टॅटिक इमेजवरून काढा, तेही तिचा उथळ रेझिस्टिव्हिटी लॉगशी मेळ घातल्यावर.

दुसरं, बटणांचा रोध आर्चीच्या सूत्रात (रोधावरून खडकातलं पाणी काढणाऱ्या) घालू नका. ती भिंतीलगतचंच वाचतात, आणि तिथे मडचं (खोदाईच्या चिखलाचं) पाणी आधीच शिरलेलं असतं. चित्रावरून वाळू किती ते कळतं. तिच्यात वायू किती, हे त्रिअक्षीय लॉगच्या दोन्ही रोधांवरूनच काढायचं.

चित्रात करवतीसारखे दाते दिसले तर ते भूगर्भाचे समजू नका. टूल अडकत, सुटत वर आलं असणार. केबलचा ताण आणि अ‍ॅक्सेलरोमीटर पाहून वेगाची दुरुस्ती पुन्हा करा. ऑइल-बेस मड (तेलात बनवलेलं) असेल तर नेहमीचं टूल उतरवूच नका, त्यासाठीचं वेगळं टूल लागतं.

कॅल्साइटने घट्ट झालेली पट्टीही वाळूसारखीच उजळ दिसते. ती पातळ असली की घनतेच्या लॉगलाही धड सापडत नाही. मला तरी अशा वेळी कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) पाहिल्याशिवाय आकडा लिहावासा वाटत नाही.

तिरक्या विहिरीत विहिरीच्या लांबीलाच जाडी म्हणू नका. थर आडवे आणि विहीर उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली असेल, तर १० मीटर वाळूची खरी जाडी ५ मीटरच भरते.