क्लाउडची बातमी वाचून लगेच निर्णय घेताय? या चुका टाळा

क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या, जगात दर आठवड्याला काहीतरी मोठं घडतं. कुणी अब्जावधी डॉलरचा करार करतं, कुणाची सेवा दिवसभर आडवी होते, कुणी क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परत जातं. बातमी सोमवारी येते आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, "मग आपणही तसं करायचं का?" विचारण्यात गैर काही नाही. पण अशा बहुतेक बातम्यांच्या तळाशी एखादी किरकोळ वाटणारी गोष्ट असते: कुणी न बदललेलं डीफॉल्ट सेटिंग, न वाचलेलं कलम, कधीच न उघडलेला बॅकअप. आपल्याकडे तपासायचं असतं ते हेच, आणि मीटिंगमध्ये त्यावर कुणी बोलत नाही.

तिमाही आकड्यांवरून व्हेंडर जोखणं

सप्टेंबर 2025 मध्ये डेटाबेस आणि क्लाउड विकणाऱ्या ओरॅकलने 455 अब्ज डॉलरची 'रिमेनिंग परफॉर्मन्स ऑब्लिगेशन' जाहीर केली आणि शेअर एका दिवसात सुमारे 36 टक्के उसळला. अनेकांनी हा आकडा कमाई म्हणूनच वाचला. प्रत्यक्षात हे करार झालेल्या, पण अजून न पुरवलेल्या सेवेचे पैसे. गुंतवणूकदारासाठी त्याला अर्थ आहे. ग्राहकाला मात्र त्यातून एवढंच कळतं की पुढची काही वर्षं ही कंपनी डेटा सेंटर उभारण्यात गुंतलेली असेल. तुमच्या डेटाबेसच्या तक्रारीचं तिकीट किती तासांत हातात घेतलं जाईल, हे तिथे सापडणार नाही.

ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन मोठ्या क्लाउड कंपन्यांची तुलना करणारे तक्तेही असेच फसवे असतात. ॲमेझॉन आपल्या क्लाउड सेवेचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, महसूल वेगळा दाखवते. 2024 मध्ये तो 107.6 अब्ज डॉलर होता. गूगल क्लाउडच्या आकड्यात वर्कस्पेस, म्हणजे ऑफिसचं जीमेल आणि डॉक्सही येतं. 'मायक्रोसॉफ्ट क्लाउड'मध्ये तर कंपन्यांना विकलेलं ऑफिस आणि लिंक्डइनचा काही भागसुद्धा मोजतात. ॲझूर या आपल्या क्लाउड सेवेचा वार्षिक महसूल मायक्रोसॉफ्टने पहिल्यांदा सांगितला तो जुलै 2025 मध्ये: 75 अब्ज डॉलरहून जास्त. तोवर नुसते वाढीचे टक्के मिळायचे. तेव्हा 'कोण पुढे' हा तक्ता दाखवून कुणी प्लॅटफॉर्म बदलायला सांगत असेल, तर कशात काय धरलंय ते आधी विचारा.

दुसऱ्याचं उत्तर आपल्या बिलाला चिकटवणं

बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या 37सिग्नल्सने क्लाउड सोडला, ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली गोष्ट असावी. 2022 मध्ये त्यांचा क्लाउडचा खर्च सुमारे 32 लाख डॉलर होता. मग त्यांनी साधारण 7 लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि पैसे वाचवले. हे खरंच घडलं. पण त्यांच्यावरचा लोड स्थिर होता, सर्व्हर सांभाळणारी अनुभवी टीम आधीपासून पगारावर होती आणि स्वतःचं हार्डवेअर चालवायची सवय जुनी होती. ज्या कंपनीत रात्री दोनला डिस्क बदलायला कोण जाणार हेच ठरलेलं नाही, तिने हे गणित जसंच्या तसं उचलू नये.

बिल वाढलं असेल तर स्थलांतराचा विषय काढण्याआधी बिल उघडा. एडब्ल्यूएसवर असाल तर कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या टूलमध्ये खर्च 'सर्व्हिस'ऐवजी 'यूसेज टाइप'प्रमाणे लावून बघा. सर्व्हिसच्या यादीत 'ईसीटू-अदर' नावाची एक ओळ असते (ईसीटू म्हणजे एडब्ल्यूएसचे भाड्याचे सर्व्हर). नाव इतकं बिनमहत्त्वाचं वाटतं की बरेच जण ती ओलांडून पुढे जातात. त्या ओळीतच नॅट गेटवे, डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) आणि डेटा ट्रान्सफर दडलेले असतात.

यात हमखास सापडणारा चोर म्हणजे नॅट गेटवे, आतल्या सर्व्हरना बाहेर जाण्याचं दार. प्रायव्हेट सबनेटमधले, म्हणजे इंटरनेटला थेट न जोडलेले, सर्व्हर एसथ्री या फाइली साठवण्याच्या सेवेत फाइली टाकत असतात, आणि दोन्ही टोकं एडब्ल्यूएसचीच असूनही वाटेत नॅट गेटवे लागतो. उत्तर व्हर्जिनियाच्या दराने त्याला ताशी साडेचार सेंट आणि वर प्रत्येक जीबीमागे साडेचार सेंट पडतात. रोज एक टीबी जात असेल तर महिन्याला साधारण 1,350 डॉलर केवळ या वाटेचे. एसथ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे नॅट टाळून जाणारी थेट वाट, फुकट मिळतो. तो बनवायचा, राउट टेबलला (कुठला डेटा कुठल्या वाटेने जाईल ते ठरवणाऱ्या यादीला) जोडायचा, काम झालं. ॲप्लिकेशनचा कोड बदलावा लागत नाही. फक्त जोडणी बदलताना चालू असलेली कनेक्शन तुटू शकतात, म्हणून ऐन गर्दीच्या वेळी हा उद्योग करू नका.

दुसरी जागा लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहितं त्या. क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या लॉग ठेवणाऱ्या सेवेत नवीन लॉग ग्रुप बनला की तो किती दिवस ठेवायचा याचं डीफॉल्ट असतं 'कधीही न संपणारा'. हे कळल्यावर लोक घाईघाईने मुदत 30 दिवस करतात आणि पुढच्या महिन्यात बिल फारसं न हलल्याचं पाहून चक्रावतात. कारण लॉग साठवण्याचा दर जीबीमागे महिन्याला 3 सेंट आहे, तर तो आत घेण्याचा 50 सेंट. खरी गळती 'डीबग' (बारीकसारीक सगळं लिहिणाऱ्या) पातळीवर राहून गेलेल्या सर्व्हिसमध्ये असते. डीबग बंद करून गरजेपुरतेच लॉग लिहा, मुदतीचं नंतर बघू.

एसथ्रीत अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणारे) अपलोड फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालूच राहतं. सात दिवसांनी ते आपोआप रद्द करणारा नियम (लाइफसायकल रूल) लावून टाका. फेब्रुवारी 2024 पासून एडब्ल्यूएसवर प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) ताशी अर्धा सेंट लागतो, मग तो वापरात असो वा नसो.

हे सगळं साफ होण्याआधी तीन वर्षांचा सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक खर्चाची हमी देऊन मिळणारी सूट) घेणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी घाई. सूट मिळते, पण ती फुगलेल्या वापरावर मिळते. नंतर वापर निम्मा केलात तरी ठरलेली रक्कम भरावीच लागते.

आउटेज झालं, चला मल्टीक्लाउड

20 ऑक्टोबर 2025 ला एडब्ल्यूएसचं उत्तर व्हर्जिनियातलं रीजन, म्हणजे तिथला डेटा सेंटरचा समूह, कोलमडलं. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदी) सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. नोंद दुरुस्त झाली तरी त्या रीजनमध्ये नवीन ईसीटू सर्व्हर सुरू करायला पुढे कित्येक तास अडचण येत होती.

यावरून 'सगळं दोन कंपन्यांच्या क्लाउडवर चालवू' असं ठरवणाऱ्यांनी आपली लॉगिन यंत्रणा, पेमेंट आणि अलर्ट पाठवणारी सेवा नक्की कुठून चालते ते आधी कागदावर मांडावं. ॲप दोन ठिकाणी आणि लॉगिन एकाच ठिकाणी असेल, तर खर्च दुप्पट होतो आणि आउटेज तेवढंच राहतं. बहुतेक कंपन्यांना त्याच क्लाउडचं दुसरं रीजन पुरतं. अट एकच: तिथली किमान क्षमता आधीपासून चालू ठेवलेली हवी. संकट आल्यावर सर्व्हर सुरू करू, या भरवशावर राहू नका, कारण त्या वेळी प्रत्येक जण तेच करत असतो.

स्टेटस पेजचंही, म्हणजे सेवा चालू आहे का ते सांगणाऱ्या पानाचंही, तसंच. 28 फेब्रुवारी 2017 ला एसथ्री बंद पडलं, तेव्हा एडब्ल्यूएसला स्वतःचा हेल्थ डॅशबोर्डच काही तास नीट अपडेट करता येईना, कारण तोही एसथ्रीवर अवलंबून होता. तुमचं स्टेटस पेज आणि संकटकाळच्या फोन नंबरांची यादी मुख्य सिस्टमच्या बाहेर आहे ना?

बॅकअप 'आहे' असं समजणं

मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा प्रायव्हेट क्लाउड (फक्त त्यांच्यासाठी राखलेली यंत्रणा) पुसला गेला. सहा लाखांहून जास्त सभासदांना कित्येक दिवस खात्यात जाता आलं नाही. कारण काय, तर तो उभारताना गूगलच्या अंतर्गत टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला होता. सिस्टमने त्याचा अर्थ 'एक वर्षाची मुदत' असा घेतला, आणि वर्ष भरताच सगळं आपोआप डिलीट झालं. ग्राहकाने डिलीट करायला सांगितलेलं नसल्यामुळे त्याला सूचनाही गेली नाही. युनिसुपर सावरलं ते त्या प्रायव्हेट क्लाउडच्या बाहेर ठेवलेल्या बॅकअपमुळे.

बॅकअप बाहेर असणं ही पहिली पायरी. तो परत आणता येणं ही वेगळीच गोष्ट, आणि त्यासाठी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं 31 जानेवारी 2017 चं प्रकरण बघण्यासारखं आहे. एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची फाइल डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेले तर एसथ्रीची बकेट (फाइलींचा कप्पा) रिकामी. डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, घेणारी स्क्रिप्ट डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारं टूल वापरत होती आणि रोज फेल होत होती. फेल झाल्याचे ईमेल निघत होते, पण डिजिटल सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. डिस्क स्नॅपशॉटची सोय होती, तीही डेटाबेस सर्व्हरसाठी चालू केलेली नव्हती. शेवटी कामी आला तो कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. मधल्या वेळातला डेटा गेला तो गेलाच. हे सगळं गिटलॅबने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं, ही त्यांची मोठी गोष्ट.

तेव्हा बॅकअप फेल झाल्याचा ईमेल येतोय का, यावर विसंबू नका. यशस्वी झाल्याची खूण आली नाही तर अलार्म वाजेल, अशी उलटी व्यवस्था करा. तिमाहीतून एकदा कोऱ्या अकाउंटवर डेटा परत उभा करा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बॅकअप डिलीट करण्याचा अधिकार आणि मूळ सिस्टम डिलीट करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे नको.

सास, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या, सॉफ्टवेअरलाही हेच लागू. ईमेल किंवा सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) पुरवणारी कंपनी तिची सेवा चालू ठेवते, तुमच्या माणसाने चुकून उडवलेल्या नोंदी ती वर्षभर जपून ठेवत नाही.

पासवर्ड गेला तर खापर व्हेंडरवर

2024 मध्ये स्नोफ्लेक या क्लाउडवर डेटा ठेवणाऱ्या सेवेच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. फटका बसण्याची शक्यता असलेल्या सुमारे 165 संस्थांना कळवण्यात आलं. स्नोफ्लेकची यंत्रणा फुटलेली नव्हती. मालवेअरने आधीच चोरलेले, कधीकधी वर्षानुवर्षं न बदललेले पासवर्ड वापरले गेले आणि त्या खात्यांवर दुसऱ्या पायरीची ओळख पटवणी चालू नव्हती. माणसांच्या खात्यांना ती सक्तीची करा. सर्व्हिस अकाउंटना, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांना, पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली (की) द्या. जुन्या कंत्राटदारांची खाती आजच बंद करा.

रिन्यूअलची तारीख न पाहणं

चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी) ताब्यात घेतलं आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सबस्क्रिप्शन आणलं. ज्यांचं रिन्यूअल दोन महिन्यांवर होतं, त्यांच्याकडे पर्याय शोधायला वेळच उरला नाही. ज्यांच्या हातात दीड वर्ष होतं, त्यांना निदान घासाघीस तरी करता आली.

एआयच्या बाबतीत हा धोका आणखी वाढलाय, कारण मोजायचं कशावर हेच अजून स्थिर नाही. मायक्रोसॉफ्टने 365 कोपायलट हा ऑफिसमधला एआय मदतनीस आणला तो माणशी महिना 30 डॉलरने. सीआरएम विकणाऱ्या सेल्सफोर्सने एजंटफोर्स या आपल्या एआय सेवेचा दर 2024 मध्ये एका संभाषणाला 2 डॉलर ठेवला आणि मे 2025 मध्ये कृतीमागे 10 सेंटचा नवा पर्याय आणला. जिथे विकणाराच मोजमाप बदलतोय, तिथे तीन वर्षांचा करार करू नका. एका विभागापुरतं, एका वर्षासाठी घ्या आणि लायसन्स असलेल्यांपैकी किती जण आठवड्यातून एकदा तरी ते उघडतात हे ॲडमिन रिपोर्टमध्ये पाहा.

ऑटो रिन्यूअलचं कलम असेल तर नोटीस 30, 60 की 90 दिवस आधी द्यायची, ते करारातून काढून कॅलेंडरमध्ये टाका, आणि एकट्याच्या नाही, खरेदी आणि आयटी दोघांच्या. व्हेंडरच्या सूचना कुणाच्या ईमेलवर येतात तेही बघा. बऱ्याचदा ते खातं नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं निघतं. आणि नोटीस करारात लिहिलेल्या पत्त्यावरच पाठवा. अकाउंट मॅनेजरला फोनवर सांगितलं होतं, हे नंतर कुणी ऐकून घेत नाही.