गझल लिहायला घेताय? मग या चुका टाळा

"वाचलं की प्रभाव पडतो, म्हणून मी मुद्दामच काही वाचत नाही." नवोदित गझलकारांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की वही उघडण्याआधीच आत काय असणार ते कळतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मागे एका दिवाळी अंकासाठी गझला निवडत असताना एक मुलगा भेटायला आला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन ओळींत, 'सोहळा' आणि 'आगळा' हे काफिये (यमकाचे शब्द), पुढच्या शेरांत 'डोळा', 'शाळा', 'भोळा'. म्हटलं, हे जमत नाही. तो म्हणाला, "सर, 'ळा' जुळतोय की!" नियम सांगण्याऐवजी मी सुरेश भटांची 'रंग माझा वेगळा' मोठ्यानं वाचून दाखवली. वेगळा, मोकळा, झळा, लळा, गळा. मग म्हटलं, आता यात 'डोळा' घालून वाच. वाचता वाचता तोच थांबला. 'ळा'च्या आधी प्रत्येक वेळी 'अ' येतो, 'डोळा'त 'ओ' आला की कान अडखळतो. आधीच्या या ठरलेल्या स्वरालाच अलामत म्हणतात हे त्याला नंतर सांगितलं. चार चांगल्या गझला मोठ्यानं वाचलेल्या असत्या तर सांगायची वेळच आली नसती.

काफिये दुरुस्त होतात. मला खरं वाईट वाटलं ते शेर वाचून. साकी, शमा, मैफल, जखमा, चंद्र. अख्ख्या वहीत एक उसाची गाडी नाही, काट्यावर रात्रभर ताटकळणारा एक बैल नाही! प्रभाव नको म्हणून न वाचणारा हा मुलगा जुन्या हिंदी सिनेगीतांच्या प्रभावात गळ्यापर्यंत बुडालेला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. न वाचणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही. जे सगळ्यात जास्त वापरून झिजलंय तेच लागतं, कारण हवेत तेवढंच असतं. 'साकी' कितीजणांनी, किती तऱ्हांनी लिहून संपवलीय हे वाचल्याशिवाय कसं कळणार?

ज्यांनी हा प्रकार मराठीत आणला त्यांच्याकडे बघा. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोश तयार करणारे. त्यांची 'गज्जलांजली' आली १९३३ मध्ये. भटांनी उर्दू गझल कसून अभ्यासली आणि मग मराठी गझलेला तिचा स्वतःचा आवाज दिला. भरपूर वाचून भटांचा रंग वेगळाच राहिला, मग आपला का जाईल?

दुसरी चूक: आठ कडव्यांत एक प्रेमकथा सांगायची आणि वर 'गझल' लिहायचं. शेर स्वतंत्र हवा. दोन ओळींत सुरू होऊन दोन ओळींत पूर्ण. मुसलसल गझलेत विषय एकच चालतो, पण तिथंही प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. मी प्रत्येक शेर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या उलटसुलट करतो. मतला पहिला, तखल्लुस (कवीचं टोपणनाव) असेल तर ते नाव येणारा शेर, म्हणजे मक्ता, शेवटचा. मधले शेर कुठेही ठेवले तरी चालले पाहिजेत. क्रम बदलल्यावर अर्थ कोलमडला तर ती कविता आहे. चांगली असेल तर कविता म्हणूनच छापा.

शेर कसा वळतो हे शिकायला एक सवय लावून घ्या. संग्रह उघडायचा, शेराची पहिली ओळ वाचायची, दुसरी हातानं झाकायची आणि ती काय असेल ते स्वतः लिहायचं. मग हात काढायचा. आपली ओळ आणि कवीची ओळ यांत जे अंतर दिसतं, ते कुठल्याही कार्यशाळेत शिकवता येत नाही. हे सावकाशीचं काम आहे. 'आठ दिवसांत गझल शिका' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

नुसती भटांची 'गझलेची बाराखडी' वाचून थांबणं हीही चूकच. पुस्तिका उत्तम आहे, पण लगावली, म्हणजे वृत्तातला लघु-गुरूंचा क्रम, पाठ करून कान तयार होत नाही.

वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ वाटेल तसं मोडणं: करू नका, ओळ बदला.

गझलेआधी तखल्लुस ठरवणं: थांबा जरा.

व्हॉट्सॲपवर फिरणारे सुटे शेर वाचणं म्हणजे गझल वाचणं नव्हे. त्यांत अनेकदा कवीचं नाव चुकीचं असतं आणि ओळही मोडलेली.

आणि एकाच कवीवर अडकून पडू नका. प्रभावाची भीती खरी ठरते ती इथं. फक्त भट वाचणारा भटांसारखाच गर्जायला लागतो. त्यांच्याबरोबर इलाही जमादार, सदानंद डबीर, चंद्रशेखर सानेकर वाचा. 'आधी किती वाचू?' असं विचारणाऱ्याला मी सांगतो, लिहिणं थांबवू नकोस. पण स्वतःची एक गझल लिहिलीस की दुसऱ्याच्या दहा वहीत हातानं उतरवून काढ, काफिये समासात लिही, आणि मगच आपली परत वाचायला घे.