मेंढपाळ माजी सैनिकाचे आयुष्य कसे लिहून काढावे

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात तरुणपणी फौजेत जाऊन लढाई पाहिलेली आणि पेन्शनवर आल्यावर घरची मेंढरे पुन्हा हाती घेतलेली वडीलधारी माणसे आजही भेटतात. त्यांच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते त्यात लढाईला दहा पाने मिळतात आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या मेंढपाळीची ‘नंतर मेंढ्या पाळल्या’ एवढ्यावर बोळवण होते. ही वाटणी मला अन्यायाची वाटते. आपल्या आजोबांचे किंवा चुलत्यांचे आयुष्य लिहायला बसणाऱ्याने म्हणूनच सुरुवात मेंढरांपासून करावी आणि लढाईकडे त्याच वाटेने जावे.

पहिल्या बैठकीआधी घरातली कागदपत्रे पाहून घ्यावीत. निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, पलटण आणि मिळालेली पदके यांची नोंद असते. पदकांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूस बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले सापडते. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल असेल तर १९६५ चे युद्ध, पूर्वी स्टार असेल तर १९७१ ची पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार असेल तर त्याच वर्षीची पश्चिम आघाडी, एवढे पदकांवरूनच कळते. पुस्तक हरवले असल्यास आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि तेथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आणि तोफखान्याचे नाशिकरोडला आहे.

बैठकांसाठी पावसाळ्याचे महिने निवडावेत. दिवाळीच्या सुमारास वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा मेंढपाळ कुटुंबांचा तांडा, कोकणाच्या किंवा घाटमाथ्याच्या वाटेला लागतो आणि पावसाच्या तोंडावर परततो, त्यामुळे मधल्या काळात माणूस गावात सापडत नाही. आजोबांचे फिरणे थांबलेले असले तरी त्यांना खुर्चीत बसवून समोर मोबाइल धरण्यापेक्षा वाघरीपाशी, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी, मेंढ्या बसायच्या वेळी गाठावे, कारण लंगडणारी मेंढी किंवा आई चुकलेले कोकरू दिसले की आठवणी आपोआप निघतात, आणि प्रश्नांच्या यादीने त्या तशा निघत नाहीत.

सन विचारत बसू नये. मेंढपाळाच्या मनातली कालगणना दुष्काळांवर, रोगांच्या साथींवर, जत्रांवर आणि वाटांवर बेतलेली असते. म्हणून ‘१९७२ च्या दुष्काळात तुम्ही पलटणीत होता की सुट्टीवर? घरची किती मेंढरे वाचली? चाऱ्यासाठी वाडा कुठे गेला होता?’ असे विचारावे. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने किंवा मेंढ्यांच्या देवीरोगाने कळप अर्धा झाला ते साल, आरेवाडीच्या बिरोबाची कोणती यात्रा चुकली ते साल, घाट उतरताना मालमोटारीखाली मेंढ्या गेल्या ते साल, असे खुंटे आधी रोवून घ्यावेत आणि नोकरीच्या तारखा मागाहून त्यांच्याशेजारी मांडाव्यात. कळप वर्षागणिक किती वाढला वा घटला, खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल धान्य मिळे की रोख, पेन्शनच्या पैशातून किती मेंढ्या विकत घेतल्या आणि लोकरीला भाव मिळेनासा झाल्यावर काय केले, हा हिशेब विचारायला लाजू नये. संसार कशावर उभा राहिला हे त्यातूनच समजते.

लढाईविषयी तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत थांबावे. किती शत्रू मारले, हा प्रश्न तर कधीच विचारू नये. पाठीवर किती वजन होते, जेवण कधी मिळाले, बूट कसे होते, नदी कशातून ओलांडली, शेजारी कोण होता आणि त्याचे गाव कोणते, हे विचारावे. ते गप्प झाले तर त्या दिवशी आपणही विषय पुढे रेटू नये. आपला अभ्यास मात्र आधी झालेला असावा. समजा, ते १९७१ साली पहिल्या मराठा पलटणीत होते, तर आजच्या बांगलादेशात ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरची नाकेबंदी, १० डिसेंबरच्या रात्रीची झुंज आणि त्यानंतर टांगाईलजवळ पुंगली पुलावर विमानांतून पॅराशूटने उतरलेल्या दुसऱ्या पॅरा बटालियनशी झालेली भेट हा क्रम आपल्याला ठाऊक हवा. त्यांच्या सांगण्यात दिवस मागेपुढे झाले तर तोंडावर चूक दाखवू नये. मजकुरात त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि तारखेचा खुलासा खाली तळटीपेत द्यावा.

आजीशी वेगळे बोलणे मी अत्यावश्यक मानतो. नवरा सीमेवर असताना वाडा कोणी हाकला, घोड्यावर बिऱ्हाड लादून दर मुक्कामाला नवा तळ कोणी मांडला, अंगावरच्या पोराला घेऊन घाट कोणी चढला, पत्र आले तर ते कोणाकडून वाचून घेतले आणि मनीऑर्डर उशिरा आली त्या महिन्यात काय विकले, याची उत्तरे फक्त तिच्याकडे असतात. नवरा जवळ असला की ती बहुधा त्याच्याकडे बोट दाखवून गप्प राहते, म्हणून ती कोकरांना पाजत असताना किंवा चुलीपाशी असताना स्वतंत्र वेळ मागून घ्यावा.

वाड्याच्या वाटेचा नकाशा अवश्य काढावा. गावापासून शेवटच्या तळापर्यंतचे मुक्काम, पाणवठे, मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यांची गावे आणि आता कालव्यामुळे, उसामुळे किंवा कुंपणांमुळे बंद झालेल्या वाटा त्यावर दाखवाव्यात.

मजकूर तयार झाल्यावर तो दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘हे राहू दे’, ‘हे काढ’ असे ते म्हणतील ते निमूटपणे मान्य करावे. विशेषतः मेलेल्या सोबत्यांची नावे आजोबांच्या संमतीशिवाय छापू नयेत. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, प्रत्येकीवर तारीख आणि ठिकाण लिहावे आणि मूळ डिस्चार्ज बुक त्याच दिवशी पेटीत परत ठेवावे, कारण पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामात आजीला त्याची गरज पडू शकते.